काकांचा इंडिकेटर घाईत आहे

आपल्याकडे वळण्याची सूचना द्यायच्या पद्धती भरपूर. रिक्षावाल्याचा पाय बाहेर येतो, टेम्पोचा क्लीनर पत्र्यावर थाप मारतो, स्कूटरवर मागे बसलेल्या काकू तर्जनी उगारून अख्खा चौक थोपवून धरतात. मूकपटांतली नटी फ्लोरेन्स लॉरेन्स हिने 1914 च्या सुमारास बटण दाबलं की गाडीच्या मागे वर होणारा एक 'हात' तयार केला होता. पेटंट मात्र घेतलं नाही. घेतलं असतं तरी पुण्यातून तिला फारशी रॉयल्टी गेली नसती.

इंडिकेटरशी शहराचे संबंध असे बेताचे असताना आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी ते एलईडीचे करायचे ठरवले. नवी गाडी घ्यायचा ठराव घरात नामंजूर झाला होता, तेव्हा निदान मागून तरी ती नवी दिसावी, एवढीच अपेक्षा. नाना पेठेतला दुकानदार म्हणाला, "काका, काही नाही, जुना काढायचा, नवा लावायचा. दोन मिनिटांचं काम." ॲक्सेसरीजच्या दुकानातली दोन मिनिटं हा पुरेसा मोठा कालावधी असतो, हे काकांना ठाऊक नव्हतं.

काकांनी पांढरे बल्ब आणले, कारण त्यांचा उजेड जास्त. ते होल्डरमध्ये बसेनात. काकांच्या गाडीच्या इंडिकेटरची काच पारदर्शक आणि बल्ब पिवळा; अशा पिवळ्या बल्बच्या बुडाशी ज्या दोन खुंट्या असतात, त्या मुद्दाम समोरासमोर ठेवत नाहीत, एक जरा सरकवलेली असते. पांढरा बल्ब चुकूनही तिथे बसू नये, एवढ्यासाठीच. कुणा इंजिनिअरने केलेली ही दूरदृष्टीची तजवीज काकांनी कानस घेऊन पाच मिनिटांत मोडीत काढली. मग डावीकडे वळणारी गाडी रिव्हर्स येतेय असं समजून वॉचमन दोनदा बाजूला पळाला, तेव्हा कुठे पिवळे एलईडी आले.

आणि इंडिकेटर पिसाळला. टिक, टिक असं सावकाश चालणारं ते प्रकरण एकदम टकटकटकटक करायला लागलं. नियमाने इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकायला हवा. काकांचा त्यापुढे गेला. वास्तविक गाडी इथे शहाण्यासारखी वागत होती. मूळ बल्ब 21 वॅटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर ओढणारा. एलईडीचं चार-पाच वॅटांत भागतं. फ्लॅशर रिले बघतो तो करंट. करंट घटला की तो समजतो बल्ब उडाला, आणि ड्रायव्हरला कळावं म्हणून घाईघाईने लुकलुकायला लागतो. थोडक्यात, गाडी ओरडून तक्रार नोंदवत होती. काका खाली उतरून म्हणाले, "फास्ट आहे. लांबून दिसतं."

यावर सरळ उपाय म्हणजे एलईडीला चालणारा रिले टाकणं. गाडी जुनी असेल तर तो उपटून दुसरा बसवता येतो. नव्या गाड्यांत हे काम कंट्रोल युनिट करतं, तिथे उपटायला काही नसतं. काकांच्या गाडीत रिले होता. पण तो डॅशबोर्डच्या आत, आणि तिथवर हात घालायचे वायरमनने वेगळे पैसे सांगितले. म्हणून रेझिस्टर लावायचं ठरलं.

रेझिस्टर म्हणजे सोनेरी ॲल्युमिनियमची बोटभर वडी, 6 ओहमची. ती बल्बला समांतर जोडली की 12 व्होल्टांवर दोन अँपिअर खाते, म्हणजे 24 वॅट. उजेड शून्य. एलईडीने जे सोळा-सतरा वॅट वाचवले, ते हिने वरकड खर्चासह तापून उधळायचे आणि रिलेला पटवायचं की साहेब, सगळं पूर्वीसारखंच चालू आहे. सरकारी खात्यात निधी शिल्लक राहिला तर पुढच्या वर्षीची तरतूद कापली जाते, म्हणून 31 मार्चच्या आत तो कशावर तरी उडवतात; या वडीची निर्मिती त्याच विचारातून झाली असावी.

ही वडी हात भाजेल इतकी तापते. ती पत्र्यावर स्क्रूने आवळायची असते, म्हणजे उष्णता पत्र्यात जाते. वायरमनने ती बंपरच्या आत, प्लास्टिकला काळ्या टेपने चिकटवली. मग काकांनी पावसात, भर हमरस्त्यावर, चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी अर्धा तास सरळ नेली. (ते दिवे बंद पडलेल्या गाडीसाठी असतात हे आपल्याकडे कुणी मानत नाही, पाऊस, बोगदा, लग्नाची वरात आणि चौकातून सरळ जाणे, सगळ्याला तेच.) घरी पोचेपर्यंत मागून इस्त्री विसरल्यासारखा वास यायला लागला होता.

एलईडीची बाजू मांडायलाच हवी. तार तापून प्रकाशायला जो क्षण जातो तो इथे जात नाही, आणि बल्ब वर्षानुवर्षं टिकतो. त्यातून काकांचे बल्ब तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतील असं मला वाटतं. परवा त्यांच्या शेजारी बसून कर्वे रस्त्याने आलो. तीन वळणं झाली, बल्बला एकदाही तोशीस पडली नाही. रेझिस्टर आता पत्र्यावर बसवलाय, टिकटिक नियमात आहे, सगळं झकास. मग देत का नाही, असं विचारलं.

"अहो, इंडिकेटर दिला की मागच्याला कळतं आपण कुठे वळणार ते," काका म्हणाले, "मग तो आधीच तिथे घुसतो."