राजीनामा आणि तिमाही पास

विरारहून सुटलेली चर्चगेट लोकल नालासोपारा आणि वसई रोड घेऊन नायगावला येते, तेव्हा ती फक्त बघण्यासाठी आलेली असते. म्हणून मुरलेला नायगावकर आधी उलटा विरारला जातो, तिथे खिडकी धरतो आणि मग आपल्याच स्टेशनावरून ऐटीत बसून पुढे जातो. बूड टेकायची सोय झाल्याशिवाय मुंबईची दिशासुद्धा न धरणारा हा माणूस. त्याला सांगतात, दुसरी नोकरी हातात नसली तरी पहिली सोड, मन:शांती मोठी!

बोलायला मात्र आमचा डबा कुणाला ऐकत नाही. खाडीच्या पुलावर साहेबाचा उद्धार होतो, बोरिवलीला राजीनाम्याचा मसुदा तयार होतो, अंधेरीपर्यंत स्वतःचा धंदा सुरू होऊन त्याच्या दोन शाखाही निघतात. दादरला सगळे वेळेवर उतरतात, कारण लेटमार्क लागतो.

परवा वाचन असलेल्या एका काकांनी इतिहास काढला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1879 मध्ये सरकारी नोकरी सोडली आणि 1 जानेवारी 1880 ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. "काका, त्यांना नायगाव पूर्वेच्या वन बीएचकेचा हप्ता होता का?" चौथ्या सीटवरून विचारणा झाली. शिवाय हल्ली शाळा काढायला आधी आमदार व्हावं लागतं. मग चिंतामणराव देशमुख निघाले. मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून त्यांनी 1956 मध्ये केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. देशमुखांनी मुंबईसाठी राजीनामा दिला, आमच्यावर ती वेळ रोज मुंबईपायी येते. पण देतो कोण?

अडचण हिशेबाची आहे. नोटीस तीन महिन्यांची, पासही तीन महिन्यांचा. पास संपत आल्यावर राजीनामा द्यावा, तर नोटिशीचे दिवस भरायला नवा पास काढावा लागतो. नवा पास काढला त्याच दिवशी दिला तर गणित अगदी चोख बसतं. पण पास पगाराच्या दिवशी काढतात आणि पगाराच्या दिवशी राजीनामा सुचलेला माणूस पश्चिम रेल्वेवर अजून सापडलेला नाही.

सरकारनेही मदतीचा हात पुढे केलाय. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली वेतन संहिता म्हणते, राजीनामा दिलेल्याचं वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकतं करा. यातले कामाचे दिवस कोणते, ते एचआरने अजून ठरवायचंय. भविष्यनिर्वाह निधीच्या विश्वस्तांनी तर ऑक्टोबर 2025 मध्ये ठरवलं की बेकाराला पाऊण रक्कम लगेच मिळेल, पण खातं पूर्ण रिकामं करायला बेकारी दोनऐवजी बारा महिन्यांची हवी. बेकारीतही सातत्य पाहिजे, एरवी नोकरीत टिकला नाही म्हणून हिणवतातच.

घरचा पाठिंबा असतो. बायको म्हणते, "द्या की. फक्त आईंना तुम्ही सांगा." आई म्हणते, धाकटीचं जमेपर्यंत थांब, विचारणारे आधी भाऊ काय करतो तेच विचारतात. साहेबाला तोंडावर सुनवायची तयारी असलेला वाघ इथे मांजर होतो आणि जूचंद्रच्या चंडिकेचा डोंगर चढून येतो. देवी गप्प राहते. तिला हप्ते ठाऊक असावेत.

तरीही आमच्या सोसायटीत एकाने खरोखर राजीनामा दिला. हातात काही नसताना! पहिला आठवडा त्याच्याकडे लोक आदराने बघत होते. दुसऱ्या आठवड्यात, हा दिवसा घरी असतो, ही बातमी सेक्रेटरीपर्यंत पोचली. आता टँकर मोजून घेणं, लिफ्टवाल्याच्या मागे लागणं आणि चारही विंगची पार्सलं सांभाळणं त्याच्याकडे आहे. पगार नाही, साप्ताहिक सुट्टी नाही, रात्री अकराला बेल वाजते. गेल्या महिन्यात कंटाळून त्याने याही कामाचा लेखी राजीनामा दिला. कमिटीने तो एकमताने फेटाळला. दिवसा घरी असणारा दुसरा सभासद उपलब्ध नाही, अशी इतिवृत्तात नोंद आहे.