पगाराचा विषय जेवणानंतर

ग्रंथालयवाल्यांचं वार्षिक अधिवेशन अलिबागला भरो नाहीतर अकोल्याला, कार्यक्रमपत्रिका तीच. सकाळी ग्रंथदिंडी. पालखीत ज्ञानेश्वरी आणि संविधान, पुढे शाळेचं लेझीम. मग दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग पाहुण्यांची वाट बघणं. पाहुणे येतात, वाचनसंस्कृती धोक्यात असल्याचं सांगतात आणि पुढच्या उद्घाटनाला निघून जातात. पुस्तक भेट मिळतं, ते गाडीत राहतं.

पगाराचा विषय? आहे ना. शेवटच्या सत्रात. जेवणानंतर.

तोवर अर्धे प्रतिनिधी एसटीच्या वेळा विचारत असतात. श्रीवर्धनहून आलेल्याची संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्कामच. उरलेले वीस-पंचवीस जण हात वर करतात आणि वेतनश्रेणीचा ठराव एकमताने मंजूर होतो. गेल्या वर्षी झाला होता तोच. शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसह.

आता थोडं गणित. घाबरू नका, चौथीतलं आहे.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली शासनमान्य ग्रंथालयं अकरा-बारा हजार आणि त्यांत राबणारी माणसं वीस हजारांवर. ग्रंथालयाचे वर्ग चार: अ, ब, क, ड. वर्गाप्रमाणे वार्षिक अनुदान. त्यातलं निम्मं वेतनाला, निम्मं पुस्तकं, मासिकं, भाडं आणि वीजबिलाला. गावातल्या 'ड' वर्ग वाचनालयाचं अनुदान २०१२ नंतर दहा वर्षं होतं वर्षाला ३० हजार. वेतनाचे १५ हजार. भागिले बारा.

महिना १,२५० रुपये.

२०२२ च्या अखेरीला सरकारला पाझर फुटला. ६० टक्के वाढ! कानाला काय भारदस्त वाटतं. ३० चे ४८ हजार झाले, म्हणजे ग्रंथपालाच्या हाती महिना २,०००. त्यावर आणखी ४० टक्के घाला, होतात २,८००. टक्केवारीचं हेच बरं असतं, कशाचे टक्के ते मथळ्यात सांगावं लागत नाही.

रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर होता दिवसाला ३१२ रुपये. ग्रंथपालाचे ते २,००० म्हणजे मातीकामाचे साडेसहा दिवससुद्धा नाहीत. आणि मातीकामाला ग्रंथालय प्रशिक्षणाची प्रमाणपत्र परीक्षा द्यावी लागत नाही.

'ड' वर्ग सोडा, तो बिचारा गरीब. जिल्ह्याचं 'अ' वर्ग ग्रंथालय घ्या, म्हणजे या भावकीतला सावकार. त्याचे ७ लाख २० हजार वाढून ११ लाख ५२ हजार झाले. निम्मे वेतनाला, म्हणजे महिन्याला ४८ हजार. त्यात ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, निर्गम सहायक, लिपिक आणि शिपाई, सगळ्यांनी भागवायचं. तिकडे अनुदानित महाविद्यालयात आज रुजू होणाऱ्या ग्रंथपालाचं नुसतं मूळ वेतन ५७,७०० आहे. इथे २०२२ च्या वाढीनंतरही अख्ख्या ग्रंथालयाचा पगार त्याच्यापेक्षा ९,७०० रुपयांनी कमी होता.

मग महाविद्यालयात का जात नाही? पद भरलं जाईल तेव्हा जाईल की. नेट-सेट झालेले तिथे आधीच रांगेत उभे आहेत, काहींचे केस पिकले आहेत.

शाळेत? तिथे पूर्णवेळ ग्रंथपाल हवा तर हजाराच्या वर पट हवा. म्हसळा, मुरूड, श्रीवर्धनच्या गावांतून हजाराचा पट आणायचा कुठून? मुलं आईबापांबरोबर कधीच नालासोपाऱ्याला गेली. राहिली ती अर्धवेळ वाचतात असं शासनाचं मत दिसतं.

आणि हो, ते २,००० दर महिन्याला मिळतात असं कुणी सांगितलं? अनुदान येतं वर्षातून दोन हप्त्यांत. पगारही तसाच. किराणा दुकानदाराला ही पद्धत अजून पटलेली नाही.

सरकारचीही बाजू ऐकावी. सरकार म्हणतं, हे आमचे नोकर नव्हेत, संस्थेचे आहेत, आम्ही फक्त अनुदान देतो. संस्था म्हणते, आम्ही कुठे पगार देतो, सरकारचं अनुदान तेवढं वाटतो. दोघंही खरं बोलतात, हीच तर पंचाईत. तपासणीला मात्र अधिकारी न चुकता येतात. दाखल नोंदवही, देवघेव, हजेरीपट, किर्द, सगळं काढा. नोकर कुणाचा ते साठ वर्षांत ठरलं नाही, शेरा कुणावर मारायचा ते पहिल्या दिवशीच ठरलं.

अलिबाग-श्रीवर्धनच्या या किनाऱ्यावर ग्रंथपालाचं निम्मं काम वाचकांचं नसतंच, ते ओलीचं असतं. जून लागला की भिंती पाझरतात, हवा खारट होते, पानं फुगतात, पुठ्ठ्यावर बुरशी धरते. कपाटात डांबरगोळ्या आणि कडुलिंबाचा पाला. श्रावणात चार तास ऊन पडलं की सगळी मराठी कादंबरी पडवीत उभी करायची, पानं मोकळी करायची, सर आली की धावत आत घ्यायची. वरच्या फळीवर वाळवी निघाली तर त्या फळीचं दप्तर वेगळं: बाद पुस्तकांची यादी, कार्यकारिणीचा ठराव, अधिकाऱ्यांची मंजुरी. पुस्तक वाळवीने खाल्लं हे तिच्या सहीशिवाय मान्य होतं, एवढीच काय ती सवलत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं. घराघरांवरचे पत्रे उडाले. पंचनामे झाले, नारळ-सुपारीला झाडामागे दर ठरला. कादंबरीला नगामागे दर ठरल्याचं ऐकिवात नाही.

आता मांडव्याला रो-रोतून उतरा. आत वळलात की साहेबांचे बंगले. दिवाणखान्यात पुस्तकांची भिंत असतेच, हल्ली तीही सजावटकार लावून देतो. ती भिंत झटकायला ठेवलेल्या माणसाचा पगार गावच्या ग्रंथपालापेक्षा जास्त असतो. आणि तो एक तारखेला मिळतो.

अशा घरांकडून गावच्या वाचनालयाला काही मिळावं, याचा विचार तमिळनाडूत झाला होता. मद्रासचा ग्रंथालय कायदा १९४८ चा, त्यात घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर आला. कर्नाटकानेही पुढे उपकर लावला. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानाने तर मद्रासच्याही आधी, १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. पहिले येऊनही मागे कसं राहावं हे आमच्याकडून शिका. महाराष्ट्राच्या कायद्यात उपकर नाही. अलिबाग-मांडवा पट्ट्यातल्या बंगल्यांच्या घरपट्टीवर नाममात्र उपकर बसवला तर तालुक्यातल्या ग्रंथपालांचा पगार निघेल की नाही, हे एकदा कुणीतरी मांडून तरी बघा. पण मांडणार कोण? ज्यांनी मांडायचं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची तिथे दोन-चार गुंठे जागा आहे.

समित्या झाल्याच नाहीत असं नाही. व्यंकप्पा पत्की समितीचं नाव ग्रंथालय कर्मचाऱ्यांना पाठ आहे. सेवाशर्ती आणि वेतनश्रेणीची मागणी निघाली की तिच्या शिफारशींचा उल्लेख होतोच. ग्रंथालयांवरचा अहवाल आणि मंत्रालयात वाचक मिळेना.

आता आपल्याच मंडळींना एक टोला. २०१२ मध्ये राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. कुठे पाटी होती, पुस्तकं नव्हती. कुठे पुस्तकं होती, वाचक नव्हते. कुठे पाटीसुद्धा नव्हती, अनुदान मात्र वेळेवर येत होतं. सरकारने काय केलं? नवी मान्यता बंद, दर्जावाढ बंद. एका घरात चोरीचं कनेक्शन सापडलं म्हणून अख्ख्या आळीचा नळ तोडावा तसं. प्रामाणिक 'ड' वर्गवाला पुस्तकं वाढवून, वाचक वाढवून दहा वर्षांहून अधिक काळ 'ड'मध्येच बसला.

दरम्यान २०१७ मध्ये भिलार पुस्तकांचं गाव झालं, २०२४ मध्ये मराठी अभिजात झाली. आनंद आहे. फटाके आम्हीही वाजवले.

संस्थाचालकांनीही उगाच हात वर करू नयेत. ग्रंथपाल म्हणून कुणाची सून लागली आहे, सही कोणत्या आकड्यावर होते आणि हातात कोणता आकडा पडतो, हे गावाला ठाऊक असतं. अशाच काही मंडळींच्या गळ्यात अधिवेशनात हार पडतात. व्यासपीठाकडे नीट बघा. अध्यक्ष, कार्यवाह, आमदार, प्रकाशक, एखादा कवी. ग्रंथपाल कुठे आहे? तो मागे खुर्च्या मांडतोय. मालक आणि नोकर एकाच मांडवात, एकाच ठरावावर हात वर करतात. मागणी नक्की कोण कुणाकडे करतंय?

तेही कुठल्या जिल्ह्यात! अलिबागपासून हाकेच्या अंतरावर चरी आहे. १९३३ मध्ये तिथल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि १९३९ पर्यंत जमिनी पडीक ठेवल्या. नारायण नागू पाटलांचं नेतृत्व, डॉ. आंबेडकरांचा पाठिंबा. जवळजवळ सहा वर्षं लोकांनी हालअपेष्टा काढल्या, मागे हटले नाहीत. ग्रंथालय कर्मचाऱ्यांचं धरणं दुपारी दोनला निवेदन देऊन संपतं, कारण तीनला वाचनालय उघडायचं असतं.

माणगावजवळच्या गोरेगावचे ना. म. जोशी. १९२० मध्ये आयटक उभी करणाऱ्यांत पुढे होते. त्याआधी १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि तिच्यातर्फे मुंबईच्या कामगारांसाठी वाचनालयं चालवली. संघटना आणि ग्रंथालय या दोन्ही गोष्टी जमणारा माणूस या जिल्ह्याने दिला. आता दोन्हीपैकी एक निवडायची असते.

१२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालून ग्रंथपाल दिन होतो. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालपदासाठी तेव्हा सुमारे ९०० अर्ज आले होते. रंगनाथन १९२४ मध्ये रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून, मला परत शिकवायला पाठवा म्हणून वरिष्ठांकडे गेले. विद्यापीठाने त्यांना समजावलं आणि शिकायला लंडनला धाडलं. आज कुणी असं कंटाळून कार्यवाहांकडे गेला तर ते म्हणतील, जाताना किल्ल्या ठेवून जा.

तेव्हा अधिवेशनवाल्यांनो, एवढं करा. पुढच्या वर्षी दिंडी नंतर काढा, दीप नंतर लावा. सकाळी दहाला, मंत्री समोर असताना, जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रंथपालाला माइकवर बोलवा आणि फक्त नाव, गाव आणि पगार एवढंच सांगायला लावा. भाषण नको.

आणि वाचकहो, तुम्हीही सुटलेला नाहीत. तुमच्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा असते. नोटीस फळ्यावर लागते, गणसंख्येअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच सात जणांत सगळं मंजूर होतं. वर्गणी भरता ना? मग यंदा जा. हिशेबपत्रकात वेतनाची ओळ शोधा आणि कार्यवाहांना ती मोठ्याने वाचायला सांगा. ग्रंथपाल तिथेच असेल, त्यालाही विचारा, एवढे मिळतात का.