परवा म्हणजे कधी?

नातीला आणायला अंगणवाडीत जरा लवकर गेलं, की वारांचा तक्ता ऐकायला मिळतो. ताई विचारतात, "आज कोणता वार?" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात, "सोमवार!" गुरुवारीसुद्धा. तक्त्यात सोमवार सगळ्यात वर आहे ना!

पोरांना हसू नये. कालच्या आधीचाही परवा आणि उद्याच्या नंतरचाही परवाच, अशी आपली भाषा. मी नातीला विचारलं, "तुळजापूरला कधी गेलो होतो गं?" "परवा." "आणि आता कधी जायचं?" "परवा." व्याकरणाच्या दृष्टीनं दोन्ही उत्तरं बिनचूक.

पण हीच पोरगी येळवस विसरत नाही. कॅलेंडरवर बारीक अक्षरात 'वेळा अमावास्या' छापलेली असते, ती तिला वाचता येत नाही. ज्वारीच्या रानातली कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी आणि आंबील एवढ्या खुणा तिला पुरतात. भवानीआईच्या निद्रेचंही तसंच. देवी वर्षातून तीनदा पलंगावर निजते : नवरात्राआधी, दसऱ्यानंतर आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी. देवी दुपारची झोपत नाही, सलग दिवसच्या दिवस झोपते, याचा नातीला भारी हेवा. त्यातली दसऱ्यानंतरची झोप पौर्णिमेला संपते, म्हणजे साधारण पाच दिवसांची. एका हाताच्या बोटांवर मावते. तक्त्याला न जमलेलं काम त्या पलंगानं केलं.

आम्ही मोठी माणसं तरी तारखांत कुठं पक्की? वडील निजामी शाळेतले. त्यांचे महिने आजर, दै, बहमन आणि साल फसली, इंग्रजी सालाच्या ५९० वर्षं मागं. १९४८ साली १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि पुढं ते महिनेही गेले. मराठवाड्यातल्या पोरांना १५ ऑगस्टनंतर साधारण महिन्याभरानं पुन्हा झेंडावंदन मिळतं, ते त्या तारखेमुळं.

माझी स्वतःची जन्मतारीख १ जून. वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती. नाव घालताना गुरुजींनी सोयीनं लिहिलेली. आईला विचारलं तर ती म्हणायची, "येळवसेची आंबील लावली अन् तू झालास." म्हणजे ऐन थंडीत.

बँकेचा वाढदिवसाचा मेसेज मात्र दर १ जूनला सकाळी न चुकता येतो.