विनातिकीट

आमच्या इमारतीतल्या तपासनीसकाकांनी नोकरीची निम्मी वर्षं पळस्पे फाट्यावर एसटी थांबवून प्रवाशांपुढे हात पुढे करण्यात घालवली. निवृत्तीनंतर हात तसाच राहिला. आता ते तिकीट मागत नाहीत, डोळ्यांत डोळे घालून फक्त ‘मिळालं का?’ असं विचारतात. नवखा माणूस गोंधळतो. गॅसचा सिलिंडर म्हणतायत, की सिडकोचं घर? काकांना अभिप्रेत असतं ते अन्य भाषांचं दान, म्हणजे प्रार्थनेच्या भरात कधी न शिकलेली भाषा तोंडून निघणं.

काका मूळचे नगरकडचे, पिढीजात ख्रिस्ती. त्यांच्या लहानपणची उपासना म्हणजे बाकावर ताठ बसणं, पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची पदं आणि उपदेश चालू असताना आजोबांची डुलकी. देवाशी बोलायचं ते शुद्ध मराठीत, आणि तेही पाळकसाहेबांनी नाव घेऊन सांगितलं तरच. मग बदली होऊन काका पनवेलला आले. शेजारच्या केरळी नर्सबाईंनी एका रविवारी त्यांना खांदा कॉलनीतल्या सभेला नेलं. खाली मोबाइलचं दुकान, वर हॉल. हॉलमध्ये कीबोर्ड, ड्रम, हिंदीत उपदेश करणारे मल्याळी पास्टर, आणि पास्टरांचं वाक्य संपायच्या आत ते मराठीत करून मोकळा होणारा एक चुणचुणीत पोरगा. अशाच एका उपास-प्रार्थनेत काकांच्या तोंडून जे सुटलं ते मराठी नव्हतं, हिंदी नव्हतं, मल्याळमही नव्हतं. काका ढसाढसा रडले. जन्मभर माणसांशी ‘तिकीट दाखवा’ यापलीकडे न बोललेल्या माणसाचं काय काय आत साठलेलं असेल! त्या रडण्याची मी थट्टा करणार नाही. थट्टेचा विषय सोमवारपासून सुरू होतो.

कारण सोमवारी काका ड्यूटीवर हजर झाले. अन्य भाषा ही पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची पहिली खूण, अशी बऱ्याच पेंटेकोस्टल मंडळ्यांची शिकवण आहे. पास्टर ती हळुवारपणे सांगतात; काका केस करतात. रिक्षा चालवणारा एक गरीब पोरगा डोळे मिटून ‘हालेलुया, हालेलुया’ म्हणत राहतो, तर काकांच्या मते ते अर्धं तिकीट. कळंबोलीच्या मावशी गेली काही वर्षं त्याच चार शब्दांवर आहेत, म्हणजे पास संपलेला. कामोठ्याच्या इंजिनिअरची भाषा अस्खलित, पण यूट्यूबवरच्या कुठल्याशा उपदेशकाची. काका पुटपुटतात, ‘तिकीट खरं आहे, डेपो दुसरा.’

स्वतः काकांच्या भाषेत ‘ळ’ आणि ‘ण’ भरपूर. विल्यम समारिन नावाच्या टोरांटोच्या भाषाशास्त्रज्ञाने १९७२च्या आपल्या पुस्तकात असं दाखवलं होतं, की अन्य भाषा बोलणारा माणूस ध्वनी वापरतो ते बहुतेक आपल्या ओळखीच्या भाषांतलेच. इमारतीतल्या पोरांनी समारिन वाचलेला नाही. तरी काका भरात आले की शेवटी शेवटी ‘पेण, वडखळ, नागोठणे’ ऐकू येतं, अशी त्यांची पैज आहे.

काकांची प्रार्थना पहाटे पाचला, गॅलरीत, खड्या आवाजात. न कळणाऱ्या प्रार्थनेचं पनवेलला खरं तर नवल नाही. जुन्या पनवेलीत बेने इस्राएली मंडळींचं बेथ एल सिनेगॉग १८४९पासून उभं आहे आणि तिथली हिब्रू शेजाऱ्यांना कधी खटकल्याचं ऐकिवात नाही. पण सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आलेच. काकांनी बायबलातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ उघडलं. पेंटेकॉस्टच्या दिवशी येशूचे शिष्य अन्य भाषांत बोलू लागले, तर यरुशलेमेतही लोकांना वाटलं होतं की ही माणसं प्यायलेली आहेत. तेव्हा पेत्र उभा राहिला आणि म्हणाला, अहो, सकाळचे नऊच तर वाजलेत! सेक्रेटरींनी घड्याळाकडे बोट दाखवलं. ‘तेच म्हणतोय काका. नऊ वाजता करा.’

ही पेंटेकोस्टल चळवळ १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर सुरू झाली, अशी काकांची पक्की समजूत. विल्यम सेमूर नावाचा कृष्णवर्णीय उपदेशक, गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा. त्याच्याबद्दल बोलताना काका उभे राहतात. मी एकदा म्हटलं, ‘काका, अमेरिकेला जाण्याआधी दौंडच्या गाडीत बसा आणि केडगावला उतरा.’ तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात २९ जून १९०५च्या पहाटे एक मुलगी आपल्यावर अग्नी उतरल्याचं सांगत उठली. शेजारच्या मुलीला ती खरोखरच पेटलेली दिसली, म्हणून ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार एवढ्यात लक्षात आलं की जळत काहीच नाही. पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्या मुलींत अन्य भाषाही आल्या. तिथल्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी या जागृतीवर एक पुस्तिका लिहिली, ती दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत राहणाऱ्या मैत्रिणीला धाडली आणि १९०९ साली वालपराइसोची मेथडिस्ट मंडळी पेटली. चिलीच्या पेंटेकोस्टल पंथाचं एक मूळ दौंड तालुक्यात आहे.

‘म्हणजे मेन डेपो आपला!’ काकांनी टाळी दिली.

मग मी पुढचं सांगितलं आणि टाळी विरली. ज्यांना हे दान मिळालं त्यांचं जगणं सुधारलं, असं रमाबाई मोकळेपणाने म्हणत. पण हीच एकमेव आणि आवश्यक खूण, असं म्हणायला त्यांना शास्त्रात आधार सापडेना. ‘मग रमाबाईंना स्वतःला...’ असं म्हणून काका थांबले. पंडिता रमाबाईंवर केस करणं बरं दिसणार नाही, हे त्यांनी ओळखलं असावं.

मला त्या आवारातली गंमत वेगळीच वाटते. एकीकडे मुली व्याकरणाच्या पलीकडची भाषा बोलत होत्या, आणि तिथेच रमाबाई हिब्रू-ग्रीकची व्याकरणं घेऊन बसल्या होत्या. अख्खं बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं रेटलं, आणि ते हातावेगळं होताच १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. उलट अझूसाहून निघालेला आल्फ्रेड गार हा उपदेशक १९०७च्या सुरुवातीला बायकोसह कलकत्त्यात उतरला, तो आत्म्याने आपल्याला बंगाली दिली आहे अशा भरवशावर. कलकत्त्यातल्या एकाही बंगाल्याला ती समजली नाही. गार डगमगला नाही, इंग्रजीत उपदेश करत राहिला. हे ऐकून काकांनी क्षणात निकाल दिला, ‘तिकीट बरोबर होतं. गाडी चुकली.’

काकांच्या संसारातलं खरं दुःख मात्र घरातच आहे. काकू विनातिकीट आहेत. इतक्या वर्षांत एक शब्द नाही. त्या भाजी निवडताना, अगदी हळू, साध्या मराठीत प्रार्थना करतात, आणि गुडघेदुखी, नातवाचं ॲडमिशन, नवऱ्याची दारू असलं काही निघालं की लोक काकांना वळसा घालून त्यांच्याकडेच जातात. काका मात्र दर रविवारी जिन्यात विचारतात, ‘अजून नाही मिळालं?’ एकदा काकू वळल्या. ‘मला मराठीतच बोलायला तुम्ही वाव दिलात कधी, म्हणून ती दुसरी मिळेल?’

गेल्या पेंटेकॉस्टच्या रविवारी सभा लांबली. एक वाजून गेला, पोरं भुकेने रडायला लागली, आणि काकांना नेमकी तेव्हाच स्फूर्ती झाली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी पास्टरांनी पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, चौदावा अध्याय काढला: बोलणारे दोघं, फार तर तिघं, तेही आळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा हवा; नसेल तर बोलणाऱ्याने गप्प बसावं. ‘है कोई, जो अर्थ बताए?’ हॉल चिडीचूप. मागच्या रांगेतून काकू उठल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘प्रभू म्हणतो, लेकरांनो, आता घरी जाऊन जेवा.’

एवढा मोठा ‘आमेन’ त्या हॉलने आजवर ऐकला नव्हता. दोन मिनिटांत चपला शोधणं सुरू.

मी त्या दोघांच्या मागेच जिना उतरत होतो. काका धुमसत होते. ‘तू सांगितलास तो अर्थ नव्हता.’

‘बरं,’ काकू म्हणाल्या, ‘मग कोणता होता?’

काका एक मजला गप्प उतरले. खालच्या मोबाइलच्या दुकानापाशी आल्यावर म्हणाले, ‘ते मला कसं माहीत असणार? पण जेवणाचा नव्हता.’