सरकती भिंत

"अक्का, कॅनडात लई थंडी पडायलीय म्हणं?" तारेच्या कुंपणावर गोधडी टाकत मी विचारलं. एवढं पुरलं. अक्कांचा लेक कॅलगरीला असतो.

"उणे पंचवीस, माय! परभणीत पारा पाचवर आला तर आपण शेकोटी सोडत नाही. परवा सून फोनवर कॅम्पर दाखवायली होती. गाडीतच घर! बटन दाबलं की एक भिंत बाहेर सरकती, आतली जागा वाढती."

"चांगलंच हाय की."

"उन्हाळ्यात! थंडीत त्या भाईर आलेल्या खोलीच्या टपावर बर्फ साचतो. वर कापड ताणलेलं असतंय, ते पाल्यापाचोळ्यापुरतं. ओल्या बर्फाच्या वजनानं फाटतंय. म्हणून बर्फ पडायच्या आधीच भिंत आत घ्यायची. लेक-सुनेनं घेतली नाही."

"मंग मागून घ्यायची."

"तिथंच तर गोम हाय. भिंतीच्या कडंनं रबर असतंय, कुकरच्या रिंगेवाणी. त्यांच्याकडं डोंगरावरून चिनूक नावाचं गरम वारं येतंय. भर हिवाळ्यात काही तासांत बर्फाचं पाणी. ते रबरापाशी मुरतंय, रात्री पुन्हा गोठून फुगतंय. सकाळी बटन दाबलं की रबर चिरतंय, नाहीतर मोटार जळती. टपावरचा बर्फ आत गेला तर गालिचा भिजतो, ते येगळंच."

"उकळतं पाणी ओतायचं."

"मी बी तेच म्हणलं. सून हसली. तेबी गोठतंय, वर आणखी एक थर. मऊ झाडूनं बर्फ लोटायचा आन् केस वाळवायच्या मशीननं दमानं कडा सोडवायच्या. ठोकायचं नाही, मीठ टाकायचं नाही, पत्रा गंजतो. रबराला मात्र थंडीच्या आधीच सिलिकॉन मारायचं."

"खोबरेल नाही चालत?"

"तेलानं रबर खराब होतंय. आन् खोबरेल तर आपल्या चुडाव्यातच बाटलीत थिजतंय!"

2014 च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यावर गारा पडल्या, गहू-हरभरा आडवा झाला. पण त्या गारा वितळून तरी गेल्या. वितळून पुन्हा गोठत टपावर बसून राहणारा बर्फ माझ्या डोक्यात बसेना. नांदेडकडची गाडी शिटी मारत गेली, तेवढ्यापुरत्या अक्का थांबल्या.

"मंग हिवाळ्यात फिरतेत कधी?"

"फिरतेत कुठं! दारात उभी, हप्ते चालू. आन् इकडं आपल्या वाड्याची भिंत खचायली म्हणलं तर पैसे नाहीत म्हणतो."

"कोणती? आमच्या गोठ्याकडची?"

"तीच. म्हैस जरा तिकडं सरकवून बांध."