कळविण्यात येते की

बहिणीचा फोन आला, "अरे, हिला एकशेवीस तास कुठंतरी बसव."

'हिला' म्हणजे माझ्या भाचीला. ती पुण्यात संज्ञापन आणि व्यावसायिक लेखन या विषयात एम.ए. करते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे एम.ए.च्या पोरांनाही आता 'ऑन जॉब ट्रेनिंग' करावं लागतं. चार क्रेडिट, क्रेडिटला ३० तास, एकूण १२०. भाचीने आधी जाहिरात कंपन्यांकडे अर्ज केले. त्यांनी पोर्टफोलिओ मागितला. पोर्टफोलिओ ट्रेनिंग झाल्यावर होतो, आणि ट्रेनिंग पोर्टफोलिओ असल्यावर मिळतं. अशा वेळी माणसाला मामा आठवतो.

मी आमच्या गावच्या नगरपरिषदेत चौतीस वर्षं काढली आणि कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. म्हणजे पोट लेखनावरच भरलं. किती कागद लिहिले ते मोजलं नाही, पण एकाही कागदात 'मी' लिहिलेला नाही, याची छाती ठोकून खात्री देतो. 'कार्यवाही करण्यात आली', 'निदर्शनास आणून देण्यात आले', 'प्रकरण नस्तीबद्ध करण्यात आले'. कोणी केलं, कोणी आणलं, कोणी बांधलं, हे विचारणं आमच्याकडे असभ्यपणाचं समजतात.

"मामा, याला कर्मणी म्हणतात," भाची म्हणाली. "आम्हाला दुसऱ्या सेमिस्टरला तो टाळायला शिकवतात."

"नोकरी लागली की परत शिकशील," मी म्हटलं.

तिच्या वह्या मी चाळल्या. पहिल्याच पानावर चौकोनांची आगगाडी होती: प्रेषक, मग माध्यम, मग ग्रहणकर्ता, आणि मध्ये वरून बाण मारून 'गोंगाट'. हा म्हणे क्लॉड शॅनन नावाच्या इंजिनिअरने १९४८ साली मांडलेला सिद्धांत. गडी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. तारेतून जाणारा संदेश पलीकडे जसाच्या तसा कसा निघेल, एवढीच त्याची विवंचना. संदेशाला अर्थ असतो की नसतो, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, असं त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. हे वाचून मला भरून आलं. इतका प्रामाणिक माणूस आमच्या आस्थापना विभागात असता तर उपमुख्याधिकारी झाला असता! पण शॅननने ज्या गोष्टीतून अंग काढून घेतलं तीच गोष्ट त्याच्या नावावर शिकवत पाऊणशे वर्षं पोरं पेपरात ते चौकोन काढताहेत, आणि चौकोन पट्टीने काढले की गुणही मिळतात.

व्यावसायिक लेखनाचा इतिहासही तिच्या वहीत अमेरिकेच्या बंदरावरच उतरतो. मी तिला म्हटलं, अगं, यादवांच्या दरबारातला हेमाडपंत नुसती देवळं बांधत बसला नव्हता. दप्तर कसं ठेवावं, पत्रात कोणाला कोणता मायना घालावा, याचे नियम सांगणारा 'मेस्तक' त्याच्या नावावर आहे. शिवाजीमहाराजांनी दरबारातल्या फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पुढे संयुक्त महाराष्ट्र झाला, १९६० साली भाषा संचालनालय उघडलं, १९६२ साली पदनाम कोश निघाला. त्याला लोकांनी 'बदनाम कोश' म्हणून नावं ठेवली आणि त्यातलीच पदं मिळावीत म्हणून रांगा लावल्या. भाचीने हे सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "याला सोर्स काय देऊ?" मी म्हटलं, "मामा." तो तिच्या पद्धतीत बसेना.

तर ती रुजू झाली. सध्याचा अधीक्षक माझ्याच हाताखाली तयार झालेला, त्यामुळे खुर्ची लगेच मिळाली, पंखा आठवड्याने. मंगळवारी तिच्यापुढे पहिलं काम आलं. मुख्य जलवाहिनी दुरुस्त करायची होती, गुरुवारी गावात पाणी सुटणार नव्हतं. जाहीर सूचना काढायची. अधीक्षकाने प्रथेप्रमाणे मागच्या वर्षीची फाईल पुढे सरकवली. आमच्या व्यवसायाचं हे मूलतत्त्व आहे: मसुदा लिहायचा नसतो, शोधायचा असतो. तारीख तेवढी बदलायची. ती बदलायची राहिली तरी गेल्या वर्षी कुठे बिघडलं होतं?

पोरीने फाईल उघडलीच नाही. तिने कोऱ्या कागदावर लिहिलं: 'गुरुवारी पाणी येणार नाही. बुधवारी भरून ठेवा.'

सात शब्द. कार्यालयात शांतता पसरली. आवक-जावकच्या बाई खुर्ची फिरवून बघायला लागल्या.

पाणीपुरवठा अभियंता म्हणाले, "'येणार नाही' असं ठाम कसं लिहिता? समजा, आलं तर?" अधीक्षक म्हणाला, "'भरून ठेवा' ही आज्ञा झाली. उद्या कोणी भरायला गेलं, पिंप पायावर पडलं, तर जबाबदार कोण?" लेखापालांचा मुद्दा वेगळाच होता. पाणी येणार नाही हे आपण लेखी मान्य केलं, तर लोक पाणीपट्टीत तेवढी सूट मागतील. भाचीने 'वाचक-केंद्री लेखन' या पेपरातलं काही सांगून पाहिलं. "वाचक फाईलवर सही करतो का?" अधीक्षकाने विचारलं. या प्रश्नाचं उत्तर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात नाही.

बुधवारभर फाईल फिरली. अखेर जी सूचना निघाली ती अशी:

'सर्व सन्माननीय नागरिकांना या जाहीर सूचनेद्वारे कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या देखभाल-दुरुस्तीचे तातडीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने उपरोक्त दिनांकी शहराच्या काही भागांत पाणीपुरवठा कमी दाबाने, अनियमित अथवा खंडित स्वरूपात होण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी नागरिकांनी याची नोंद घेऊन नगरपरिषदेस सहकार्य करावे.'

त्रेचाळीस शब्द. 'उपरोक्त दिनांकी' असं आहे, पण वर दिनांक नाही. तो मुख्याधिकारी सहीसोबत टाकणार होते. भाचीच्या वर्गमैत्रिणी फावल्या वेळात कंपन्यांसाठी 'कंटेंट' लिहितात, शब्दाला पंचवीस पैसे. त्या हिशोबाने भाचीची सूचना पावणेदोन रुपयांची होती, ती आम्ही दहा रुपये पंचाहत्तर पैशांवर नेली. याला मूल्यवर्धन म्हणतात. तो शब्दही तिच्याच पुस्तकातला.

पण गोम पुढे होती. ट्रेनिंगच्या अहवालात कामाचा नमुना जोडायचा असतो. भाचीच्या वाङ्मयचौर्याच्या कल्पना कडक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे, आणि सलग १४ शब्द कुठे जुळले तर ते धरतही नाहीत. तिने ही सूचना मागच्या वर्षीच्या सूचनेशी ताडून पाहिली. साम्य शंभर टक्के. मी म्हटलं, पहिले चौदा शब्द तर माफ आहेत ना? तिने बोटांवर मोजले. चौदावा शब्द 'काम' निघाला. आमच्याकडे वाक्य असो की माणूस, 'काम' या शब्दापाशी आला की अडतोच.

इकडे बुधवारी संध्याकाळी आमच्या भागाच्या व्हॉल्व्हमनने एक उद्योग केला. पाणी सोडायची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून हा माणूस रोज गल्लोगल्ली सायकलवर फिरतो. गुरुवारी चावी फिरवायची नाही, असं त्याला तोंडी सांगितलेलं होतं. त्याने पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीवर खडूने लिहिलं: 'उद्या पानी नाय. भरून ठेवा.' रात्री दहापर्यंत गावातल्या बादल्या, हंडे, टोप, लग्नात आलेली आणि कधी न वापरलेली पातेली, सगळं भरून झालं होतं.

सूचनेला जावक क्रमांक पडला गुरुवारी दुपारी साडेतीनला. फलकावर लागली शुक्रवारी. तोवर पाणी आलेलं होतं. कार्यालयाला खरा धक्का बसला तो लोकांची गैरसोय झाली नाही याचा.

व्हॉल्व्हमनला कारणे दाखवा नोटीस काढायचं ठरलं. मसुद्याचं काम भाचीकडे. या खेपेला तिने फाईल मागून घेतली. काय सांगू, अंगात आल्यासारखी लिहीत होती! 'आपण सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेशिवाय जनतेस माहिती पुरविल्याचे निदर्शनास आले आहे. सदर माहिती अचूक असल्याने प्रकरणाचे गांभीर्य वाढले आहे.' मी चौतीस वर्षांत एवढं देखणं वाक्य लिहिलं नाही. खाली 'पानी' आणि 'नाय' यांबद्दल शुद्धलेखनाच्या १८ नियमांचा संदर्भ. अधीक्षक म्हणाला, "साहेब, पोरगी तयार झाली."

दुसऱ्या दिवशी तोच व्हॉल्व्हमन नोटीस घेऊन माझ्या दारात.

"भाऊ, हे काय लिवलंय?"

मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे मी खरं लिवलं म्हून?"

"खरं लिहिलं म्हणून नव्हे. आधी लिहिलंस म्हणून."

सात दिवसांत खुलासा द्यायचा होता. लिहून देणार कोण? भाची आतून आली, कागद घेतला. 'मी अर्जदार विनम्रपणे नमूद करू इच्छितो की, सदर मजकूर अनवधानाने व निव्वळ जनहितार्थ लिहिला गेला असून त्यामागे माहिती देण्याचा कोणताही हेतू नव्हता.' त्याने वाचलं नाही, अंगठ्याने कडा नीट केल्या आणि सही ठोकली. सही ठसठशीत, भिंतीवरल्या खडूसारखीच.

आता खुलासा कार्यालयात पोचल्यावर त्यावर टिपणी ठेवायला पाहिजे. ती कोणाकडे येणार? भाचीने स्वतःचा खुलासा तपासला. 'खुलासा समाधानकारक आढळून येत नाही. तथापि सहानुभूतिपूर्वक विचार करून सक्त ताकीद देण्यास हरकत नसावी. मान्यतेस्तव सादर.' मान्यता मिळाली. सक्त ताकिदीचं पत्रही तिनेच लिहिलं आणि तासपत्रकावर १२० भरले.

अहवालात तिने लिहिलंय की, एकाच संदेशव्यवहारात प्रेषक, ग्रहणकर्ता आणि निर्णायक अशा तिन्ही भूमिकांचा प्रत्यक्ष अनुभव मिळाला. सोबत आकृती आहे. चौकोन पट्टीने काढलेत. गोंगाटाच्या बाणापाशी सायकलचं चित्र आहे, ते का, हे मी विचारलं नाही. तिला 'ओ' ग्रेड मिळाली. बहिणीने पेढे पाठवले.

परवा चौकात व्हॉल्व्हमन भेटला. जलवाहिनीचं पुन्हा काहीतरी निघालंय, अशी कुणकुण होती. भिंत स्वच्छ पुसलेली. मी सहज विचारलं, "काय रे, उद्या पाणी आहे ना?"

त्याने चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"कळविण्यात येईल," तो म्हणाला.

आणि सायकलवर टांग टाकताना माझ्या गच्चीवरच्या टाकीकडे एकदा बघून गेला. मी घरी येऊन मोटर लावली.