दत्तकविधान: सीमेवरचा पदार्थ घरात घेण्याची रीत

दत्तक घेण्याच्या बाबतीत बेळगाव जिल्ह्याचा अनुभव फारसा सुखाचा नाही. कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी शिवलिंगप्पाला दत्तक घेतले, कंपनी सरकारने ते दत्तक नामंजूर केले, आणि 1824 च्या ऑक्टोबरात झालेल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. अशा मुलखात शेजारच्या घरचा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात, तोही आवडत्या पदार्थांच्या यादीत, घ्यायचा असेल तर इच्छुक कुटुंबाने सगळे रीतसर केलेले बरे. पुढील सूचना बेळगाव, निपाणी, संकेश्वर, खानापूर या पट्ट्यातल्या घरांसाठी आहेत. पुण्या-मुंबईच्या कुटुंबांनी त्या स्वतःच्या जबाबदारीवर वापराव्यात.

सर्वप्रथम सक्षम अधिकारी कोण ते ठरवावे. रेशनकार्डावर ज्याचे नाव पहिले असते तो नव्हे. या कामी अंतिम अधिकार घरातल्या आजीचा असतो, आणि ती कधीही ‘आवडलं’ म्हणत नाही. पहिल्या दिवशी ती ताटाकडे पाहून ‘आमच्यात असं करत नाहीत’ एवढेच म्हणेल. नवख्या सुना येथेच खचतात. वास्तविक हा नकार नसून पहिली नोटीस असते, आणि तिला उत्तर देण्याची गरज नसते. काही दिवसांनी तोच पदार्थ पुन्हा वाढावा. आजींनी ‘मीठ कमी पडलंय’ म्हटले की अर्ज दाखल झाला असे समजावे, कारण जो पदार्थ घरात ठेवायचाच नाही त्याच्या मिठाची चौकशी कोणी करत नाही.

मुहूर्तही पाहावा. 1 नोव्हेंबर टाळावा. त्या दिवशी गावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसरीकडे काळा दिन पाळला जातो, आणि जेवताना कोणता पदार्थ कुठला हा विषय निघाला तर भाकरी तव्यावरच करपते.

एरवी हद्दीचा प्रश्न फारसा मनावर घेऊ नये. महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला आणि अक्कलकोट कर्नाटकाला द्यावे असे सुचवले होते. शिफारस अमलात आली नाही. आली असती तरी शेंगा चटणीचे काहीच बिघडले नसते, कारण ती निपाणीतही कुटतात आणि अक्कलकोटलाही. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून तिथेच आहे. स्वयंपाकघरातले दावे इतके लांबत नाहीत, फार तर एक श्रावण जातो. 2021 साली कोगनोळी नाक्यावर कोल्हापूरकडून येणाऱ्यांकडे कोरोनाचा अहवाल मागत होते. त्या काळातही डब्यातल्या चटणीचा अहवाल कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

सराव म्हणून सोपा उमेदवार घ्यावा: कडक भाकरी. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि पार वाळून कुरकुरीत होईपर्यंत उबेला ठेवायची. ती अनेक दिवस टिकते, हाच तिचा सर्वात मोठा वशिला. तिच्यासोबत खानावळीच्या ताटात एण्णगाई येते, म्हणजे दाणे, तीळ, कारळे यांचा कूट भरलेली छोटी वांगी; मोड आलेल्या कडधान्याची उसळ येते, कच्चा कांदा आणि मेथीची पाने येतात, आणि ओल्या लाल मिरच्यांचा रंजका येतो. रंजका पहिल्या भेटीत बोटाच्या टोकाएवढाच घ्यावा. एण्णगाई तर मराठी घरात भरल्या वांग्याच्या नावाने आधीपासूनच नांदत असते, त्यामुळे तिच्या बाबतीत नवी नोंद न करता फक्त कूट दुरुस्त करून घ्यावा. त्यासाठी शेजारच्या आक्कांना गाठावे. ‘आक्का, तुम्ही ह्यात कारळे भाजून घालता काय?’ एवढा प्रश्न पुरतो. ‘भाजल्याबिगर कसं चालंल? घालतो की!’ असे उत्तर येते आणि मागोमाग वाटीभर कूटही येतो. पाककृतीची पुस्तके अशा वेळी बंद ठेवावीत. मराठीत छापील पाककृतींची परंपरा रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 1875 च्या ‘सूपशास्त्रा’पासून आहे, पण वाटी परत करायला जाण्याची सोय एकाही पुस्तकात नाही. ती वाटी रिकामी परत करू नये, हे सांगायला नको.

आता गोड उमेदवारांकडे वळू. बेळगावचा कुंदा हा तसा घरात येऊन बसलेलाच असतो: कोणी परगावाहून आले, कोणी परगावी निघाले, कोणी पास झाले, की डबा. दूध आणि खवा साखरेबरोबर आटवत नेले की जो दाणेदार, तपकिरी गोळा उरतो तो कुंदा. चुलीवर दूध विसरल्यामुळे तो जन्माला आला, अशी कथा शहरात सांगतात. ही कथा खरी धरून घरी कुंदा करू पाहणाऱ्यांना सावधगिरीची सूचना: नुसते विसरणे पुरत नाही. विसरलेल्या दुधातून बहुसंख्य घरांना आजवर फक्त घासायचे पातेले मिळालेले आहे. कुंद्याचा रंग साखर आणि दूध भाजले जाण्याच्या नेमक्या टप्प्यावर येतो, आणि तो टप्पा ओळखणारी माणसे कॅम्पापासून शहापूरपर्यंत गल्लोगल्ली दुकान थाटून बसलेली असताना घरच्या गॅसवर प्रयोग करण्यात शहाणपण नाही. कुंद्याचे दत्तक डब्यासकट घ्यावे.

खरी परीक्षा मांड्यांची. येथे मार्गदर्शन थोडे लांबणार आहे.

लग्नघरात बेळगावी मांडे पानावर येतात ते घडी घातलेल्या कागदासारखे: मोठे, पातळ, हात लावताच मोडणारे. आत पिठीसाखर, तूप, खसखस, वेलची. खानदेशातही मांडे असतात, पण तिथे पुरण भरतात आणि ते मऊ असतात. तेव्हा दोन्हीकडची सोयरीक असलेल्या घरात ‘मांडे’ एवढाच शब्द उच्चारून थांबू नये, दोन वेगळ्या ताटांची तयारी ठेवावी. बेळगावी मांड्यासाठी बारीक रवा-मैद्याची कणीक तारेसारखी ताणेल इतकी मळावी लागते. लाटून झालेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत वाढवायची, उपड्या तापल्या भांड्यावर टाकायची आणि गरम आहे तोवर झटकन घडी घालायची. घडी चुकली की मांडा गार होऊन आहे त्या आकारात कायमचा राहतो, आणि त्या आकाराला अजून नाव नाही.

भांड्याचा प्रश्न जुना आहे. मुक्ताबाईला मांडे करायचे होते तेव्हा विसोबाने कुंभारांकडून खापर मिळू दिले नाही. मग ज्ञानेश्वरांनी पाठ तापवून दिली आणि मांडे तिच्यावर भाजले गेले, अशी कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. सर्वसामान्य कुटुंबाला हा पर्याय सुचवता येत नाही. लोखंडी कढई उपडी घालावी.

या कथेच्या आधारे मांडे मराठीच, असा दावा घरात कोणी केला तर आजोबांना आवरावे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ज्ञानेश्वरांच्या आधी सुमारे दीड शतक, साधारण 1130 च्या सुमारास झाला, आणि त्याच्या अन्नाच्या प्रकरणात तापल्या खापरावर भाजलेला मंडक आहे. ते कल्याण म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. पण एवढ्यावर शेजारच्या कन्नड काकांनीही हरखून जाऊ नये. राजाचा ग्रंथ संस्कृतात, राजधानी कर्नाटकात, कथा आळंदीची आणि ऑर्डर टिळकवाडीच्या लग्नाची, अशी या प्रकरणाची फाईल आहे. ती बंद करून मांडा दुधात चुरून खावा.

मांडे घरी करावेत काय? करू नयेत. ज्या बायका हे काम वर्षानुवर्षे करत आल्या आहेत त्यांना आगाऊ सांगून ठेवावे, आणि नेताना गाडीत डबा मांडीवर धरायला घरातला सर्वात स्थिर माणूस निवडावा. हा माणूस शक्यतो मोबाईल नसलेला असावा.

हुग्गीला मात्र अर्ज वगैरे लागत नाही. ती जत्रेच्या महाप्रसादातून थेट घरात शिरते. कांडलेला खपली गहू, गूळ, खोबरे, सुंठ आणि वरून नको म्हणेपर्यंत तूप. पंगतीत कायलीतून वाढलेली ती मुलांनी एकदा खाल्ली की घरी ‘तसली खीर कर’ असा ठराव पोरांच्या पातळीवरच मंजूर होतो. घरच्या कुकरातली कायलीसारखी होत नाही ही तक्रार कायमची असते, तिची दखल घेऊ नये. खपली गहू रात्रभर भिजवावा, एवढे मात्र विसरू नये. न भिजवलेल्या खपलीने भल्याभल्या सुगरणींचा रविवार खाल्लेला आहे.

उन्हाळ्यात वर्षाचे तिखट डंकावर कुटायला जाते, तेव्हा दत्तकाचे सगळे जुने वाद पुन्हा उकरले जातात. रंगासाठी हावेरी जिल्ह्यातली सुरकुतलेली ब्याडगी, झणझणीत हवे म्हणून संकेश्वरी: इथवर एकमत असते. भांडण प्रमाणाचे असते. निपाणीकडचे माहेर असलेली सून संकेश्वरीचे माप वाढवते, कारण तिच्या जिभेला कोल्हापूर जवळ. बेळगावची सासू ब्याडगी वाढवते, कारण तिला रस्सा लाल हवा असतो पण नाकातून पाणी नको असते. यावर सीमाभागातल्या घरांनी काढलेला तोडगा शासनालाही अनुकरणीय आहे: दोन बरण्या. एकीवर सासूचे नाव, एकीवर सुनेचे. घरातली माणसे कोणत्या बरणीतले तिखट आमटीत पडले ते पहिल्या घोटाला ओळखतात आणि त्याबद्दल काही बोलत नाहीत.

राहिले गोकाकचे करदंट. डिंक, गूळ, खोबरे आणि सुका मेवा यांची ही चिवट वडी बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांची जवळची नातेवाईक असल्यामुळे आजीची मंजुरी बसल्या बैठकीत मिळते. अडचण पुरवठ्याची आहे. गोकाकहून कोणी आणले की पहिल्या दिवशी ‘दाताला चिकटतं’ म्हणून सगळे बाजूला सारतात, तिसऱ्या दिवशी डब्यात कागद उरतो. यासाठी करदंट आल्या दिवशीच दोन डब्यांत विभागावे. एक डबा टेबलावर उघड ठेवावा. दुसरा वरच्या फळीवर चुरमुऱ्यांच्या पिंपामागे ठेवावा आणि त्यावर ‘हिंग’ असे लिहावे. पुण्याचे पाहुणे येणार असतील तर ‘एरंडेल’.